गाडीवर नाव नंतर टाका, आधी गाडीखाली वाका



मागच्या व्हिडिओत आपण पहिली डिलिव्हरी गाडी नवी घ्यावी की जुनी, यावर बोललो. शेवटी दोन मिनिटं मी गाडीच्या खालच्या पत्र्याबद्दल आणि गंजाबद्दल बोललो. पण हा विषय दोन मिनिटांत संपणारा नाही. म्हणून आज निवांत लिहितोय.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. जुनी गाडी घेऊन धंदा सुरू करणार असाल, तर तिच्या खालच्या बाजूची काळजी हा 'जमलं तर करू' असा खर्च नाही. दुकानाचं भाडं जसं दर महिन्याला बाजूला काढता, तसाच हाही पैसा काढून ठेवायचा. आणि दुसरं म्हणजे, गंजलेल्या पत्र्यावर काळं कोटिंग मारून घेणं याला मी गाडीची काळजी म्हणत नाही. तो गंज झाकण्याचा प्रकार आहे.

हे मत मी पुस्तकातून उचललेलं नाही. त्यासाठी पैसे मोजलेत. कसे ते सांगतो.

माझी ओम्नी आणि गणपतीची ऑर्डर

२०१५ च्या डिसेंबरमध्ये मी ९५,००० रुपयांना जुनी मारुती ओम्नी घेतली. रत्नागिरीत माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान तेव्हा नुकतंच उभं राहत होतं. मिठाईचे बॉक्स, पिशव्या, पुठ्ठ्याचे खोके पोहोचवायला गाडी हवीच होती. विकणाऱ्याने गाडी खालून दाखवली तर अगदी नव्यासारखी! ताजं, जाड, काळं कोटिंग. मी खूश झालो. म्हटलं, माणसाने गाडी नीट ठेवलीय.

मग मी काय केलं? ६,००० रुपये खर्च करून दोन्ही बाजूंना दुकानाचं नाव, फोन नंबर, मस्त रंगीत स्टिकर लावून घेतले. खाली एकदाही वाकून बघितलं नाही. वर फावल्या वेळात ओळखीच्या एकाची सुकी मासळी आणि मिठाच्या गोण्या वाहिल्या. डिझेल-पेट्रोलचे पैसे सुटतात ना, मग कशाला सोडा!

२०१६ चा ऑगस्ट. गणपती ५ सप्टेंबरला होते. लांज्याच्या एका मिठाईवाल्याची बॉक्सची मोठी ऑर्डर घेऊन निघालो. गाडी भरलेली, पाऊस धो धो. एका खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि 'खाड्' असा आवाज झाला. गाडी एका बाजूला बसली. खाली बघतो तर मागचा पाटा जिथे बॉडीला पकडलेला असतो, तिथला पत्राच फाटून वर घुसला होता. आणि मजा बघा, काळं कोटिंग अजून शाबूत होतं. साल राहिली होती, आतला गर संपला होता.

हिशोब असा झाला. पत्रा कापून नवा वेल्ड करायला २२,०००. गाडी ९ दिवस उभी, तेवढे दिवस भाड्याचा टेम्पो १,४०० रुपये रोजाने, म्हणजे १२,६००. एकूण ३४,६००. गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त! माल भिजला, तो वेगळाच. आणि ज्याची मोजदाद करता येत नाही ते म्हणजे तो मिठाईवाला. त्याने ऑर्डर दुसरीकडे दिली आणि पुढची दोन वर्षं माझ्याकडे फिरकला नाही. त्याचं काही चुकलं नाही. सणाच्या तोंडावर ज्याचा माल वेळेत येत नाही, त्याच्याकडे कोण जाईल?

रस्त्यात कुणाला लागलं नाही, हे नशीब. नाहीतर हा लेख लिहायला मी बसलोच नसतो.

गंज नेमका करतो काय?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन, हे तिघं एकत्र आले की गंज सुरू होतो. मीठ आलं की काम झपाट्याने होतं, कारण खारट पाण्यातून ही रासायनिक देवाणघेवाण सोपी होते. म्हणून किनाऱ्यावरच्या गाड्या लवकर सडतात. मासळीच्या क्रेटमधून गळणारं पाणी तर गाडीला विषच. आपल्या कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर समुद्राची हवा. गाडी चार महिने ओलीच असते.

'आम्ही घाटावरचे, आमच्याकडे कुठे समुद्र?' असं म्हणणाऱ्यांसाठी. सोलापूर, बीडकडे हवा कोरडी आहे, गंज हळू लागतो, मान्य. पण तुम्ही गाडीतून खत वाहता का? पोटॅश म्हणून जे खत मिळतं ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, मिठाचाच सख्खा भाऊ. गोणी फाटली, दाणे फटीत बसले, वर पाणी पडलं की तिथे किनारा तयार झालाच.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲल्युमिनियमवर जो थर येतो तो आतल्या धातूला जपतो. लोखंडाचा गंज तसा नसतो. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, खालचं ताजं लोखंड उघडं पडतं आणि परत तेच सुरू. म्हणजे गंज आपणहून थांबत नाही. तुम्ही थांबवला तरच थांबतो.

काळ्या कोटिंगवर माझा राग का?

राग कोटिंगवर नाही, ते कुठे मारलं जातं त्यावर आहे. नव्या, स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर मारलेलं चांगलं कोटिंग उपयोगाचंच आहे. दगडाचा मार झेलतं, आवाज कमी करतं. पण जुन्या गाडीवर काय होतं? रॅम्पवर घेतात, पाण्याचा फवारा मारतात, अर्ध्या तासात वरून काळं मारून देतात. खालचा गंज तसाच, ओलावा तसाच. वर झाकण बसलं. डांबरी किंवा रबरी थर काही काळाने कडक होतो, त्याला बारीक चिरा जातात. चिरेतून पाणी आत जातं, पण सुकायला बाहेर येत नाही. पत्रा आतून निवांत सडत राहतो आणि तुम्हाला दिसतं ते काळंभोर, सुंदर पोट.

म्हणून माझा नियम: विकायला काढलेल्या जुन्या गाडीला खालून ताजं काळं कोटिंग दिसलं, तर ती मी खूण समजतो. लगेच नकार देऊ नका, पण स्क्रू ड्रायव्हर काढा.

आता जुन्या ड्रायव्हर लोकांचा उपाय: गाडीखाली जळकं ऑइल मारायचं. त्यामागचा विचार बरोबर आहे, तेल पाणी लांब ठेवतं. पण इंजिनातून काढलेलं ऑइल घाण असतं, रबरी बुश फुगवतं, ब्रेकवर उडालं तर ब्रेक लागत नाही, आणि सगळं शेवटी ठिबकून जमिनीत, विहिरीत जातं. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. म्हणून माझ्याकडून त्याला नाही.

आणि बॅटरीला जोडायचं ते 'गंजरोधक इलेक्ट्रॉनिक यंत्र'? जहाजाला जस्ताचे ठोकळे लावून गंज रोखतात हे खरं आहे. पण जहाज सतत पाण्यात असतं, म्हणून ते जमतं. तुमचा छोटा हत्ती पाण्यात तरंगत नाही. ते पैसे दुसरीकडे वापरा.

मग करायचं काय?

मी माझ्या गाड्यांना जे करतो ते क्रमाने सांगतो. वाटलं तर तुमच्या डेंटरला वाचून दाखवा.

पहिलं, बघणं. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, मजबूत स्टँड लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही. मग स्क्रू ड्रायव्हरने टोचून, ठोकून बघा. चांगला पत्रा 'टण' वाजतो, सडलेला 'भद्' वाजतो. कुठे बघायचं? पाट्याचे हँगर, चाकाच्या वरची कमान, दाराखालची पोकळ पट्टी, जॅक लावायची जागा, पायाखालचं मॅटिंग उचलून फ्लोअर, बॅटरीखालचा ट्रे आणि ब्रेकचे लोखंडी पाइप. ओम्नीसारख्या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार उचलते. तिथे फ्लोअर सडला म्हणजे गाडीचं हाड सडलं. छोटा हत्ती किंवा पिकअपला चासी असते. तिथे दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर बसतात ते सांधे आणि चासीचा आतला पोकळ भाग बघायचा. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. कुठल्याही जुन्या गाडीच्या चासीत वाळलेला बारीक गाळ सापडला, तर गाडी पुरात होती का हा प्रश्न तोंडावर विचारा.

दुसरं, धुणं आणि वाळवणं. खालून साध्या पाण्याने जोरात धुवा, कोपऱ्यातला चिखल काढा. चिखल ओल धरून ठेवतो. दाराच्या तळाला आणि पोकळ पट्ट्यांना पाणी जायची बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. एवढं एक काम फुकटात होतं आणि निम्मे लोक तेच करत नाहीत. मग दोन-तीन दिवस कडक उन्हात गाडी वाळवा. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये करायचं, जूनच्या पहिल्या सरीनंतर पळापळ करून नाही.

तिसरं, गंज काढणं. जुनं सुटलेलं कोटिंग खरवडा, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मारा, पापुद्रे पडतील तेवढे पाडा. जिथे भोक आहे किंवा पत्रा दाबला की आत जातो, तिथे पुट्टी, फायबर असले खेळ नकोत. कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा, आणि पेट्रोलच्या टाकीजवळचं काम जाणकार माणसाकडूनच.

चौथं, थर देणं. जो पातळ, घट्ट गंज ब्रशने निघतच नाही त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड गंजाचं रूपांतर काळसर, स्थिर थरात करतं. सुटणाऱ्या जाड पापुद्र्यांवर ते चालत नाही, म्हणून तिसरी पायरी चुकवायची नाही. ते वाळलं की एपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग. आपल्याकडे रेड ऑक्साइड मारायची सवय आहे. अगदीच काही नसण्यापेक्षा बरं, पण पाणी अडवायला एपॉक्सी जास्त चांगला. शेवटी वरून मेणाचा किंवा लॅनोलिनचा फवारा. हा थर मऊ राहतो, त्याला चिरा जात नाहीत. पोकळ भागात लांब नळीने तोच फवारा आत मारायचा, कारण गंज बहुतेक वेळा आतूनच बाहेर येतो. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम आणि डिस्क, रबरी बुश, वायरिंगचे जोड आणि ती पाण्याची भोकं, हे सगळं झाकून मगच फवारा.

पाचवं, दरवर्षी परत बघणं. मऊ थर रस्त्यावर धुतला जातो, म्हणून मेमध्ये एक हात परत. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये एकदा खालून धुणं. मासळी, मीठ, खत वाहिलं असेल तर त्याच दिवशी धुणं. 'उद्या बघू' नाही.

आता पैशाचं बोलू

ओम्नीनंतर मी जुना छोटा हत्ती घेतला. त्याला पहिल्या वर्षी या सगळ्याचा खर्च ७,८०० आला. त्यात थोडं वेल्डिंगही होतं. त्यानंतर वर्षाला सरासरी ३,००० रुपये. म्हणजे महिन्याला २५०. महिन्यात २५ दिवस गाडी फिरते असं धरलं, तर दिवसाला १० रुपये. कटिंग चहाचे पैसे, मित्रांनो!

मी बीबीए केलंय. कॉलेजात घसारा शिकलो, पेपरात पूर्ण मार्क घेतले. आयकरात स्वतःच्या धंद्यासाठी वापरलेल्या गाडीला साधारणपणे १५ टक्के घसारा धरतात. वहीत तो आकडा मी न चुकता लिहायचो. पण खरा घसारा वहीत नव्हता, गाडीच्या पोटाखाली होता आणि तो १५ टक्क्यांवर थांबायला तयार नव्हता. पदवीने मला आकडा लिहायला शिकवलं, खाली वाकायला त्या ओम्नीने शिकवलं.

इन्शुरन्स देईल का? नाही. अपघाताचं नुकसान मिळतं, पण झीज आणि घसारा पॉलिसीतून वगळलेला असतो. गंज म्हणजे झीजच. पासिंगचं काय? व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. म्हणजे गाडी जितकी जुनी, तितक्या वेळा कुणीतरी तिला तपासणार. चासी सडकी निघाली तर गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणजे धंदा उभा.

'पण सर...'

माझ्या बॅचमध्ये तीन प्रश्न हमखास येतात.

'दोन वर्षांत विकायचीच आहे, कशाला खर्च करू?' दोन वर्षं गाडी चालवणार आहात ना? त्यात दोन पावसाळे आहेत. माझी ओम्नी पहिल्याच पावसाळ्यात बसली. आणि विकताना तुमचा गिऱ्हाईकही हा लेख वाचून, स्क्रू ड्रायव्हर घेऊन येईल, तेव्हा काय कराल? काळं कोटिंग मारून त्याच्या गळ्यात घालाल? जे माझ्यासोबत झालं, ते मी पुढे ढकलणार नाही. धंद्यात नाव स्टिकरने होत नाही.

'त्यापेक्षा कर्ज काढून नवीच घेतो.' घ्या, जर गाडी रोज पूर्ण भरून फिरणार असेल तर. ५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं, हप्ता साधारण १०,६०० रुपये. पहिल्याच वर्षी, धंदा बसायच्या आधी, दर महिन्याला तेवढे देणं कितीजणांना झेपतं? जुनी नीट जपलेली गाडी तुम्हाला ते एक-दोन वर्षं मिळवून देते. आणि लक्षात ठेवा, नवी गाडीसुद्धा कोकणात काही वर्षांनी जुनीच होते.

'गाडी न घेता भाड्याने भागवू का?' महिन्यात सहा-सात फेऱ्याच असतील तर हो, बिनधास्त. गाडी घेणं हा प्रतिष्ठेचा विषय करू नका. ज्याला गाडी जपायला वेळ आणि मन नाही, त्याला भाड्याचा टेम्पो स्वस्त पडतो.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे. प्रत्येक जुनी गाडी वाचवण्याच्या लायकीची नसते. पाट्याचे हँगर, चासीचे सांधे, सीट पकडलेला फ्लोअर सडला असेल आणि वेल्डिंगचा अंदाज गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर मेण फवारू नका. सोडून द्या. मेलेल्या झाडाला पाणी घालण्यात धंद्याचा पैसा घालवायचा नसतो.

या आठवड्याचा गृहपाठ

गाडी असेल तर रविवारी एक तास काढा. मॅटिंग उचला, पाण्याची भोकं मोकळी करा, मोबाइलवर खालचे फोटो काढून तारीख टाकून ठेवा. दरवर्षी मेमध्ये त्याच जागांचे फोटो काढलेत, तर गंज कुठे सरकतोय ते तुम्हालाच दिसेल. मग डायरीत 'गाडी खालून' असा एक रकाना करा आणि दर महिन्याला २५० रुपये बाजूला टाका.

गाडी घ्यायची असेल तर बघायला जाताना दोन वस्तू खिशात ठेवा: टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर. कपडे मळतील. मळू द्या. माझे त्या दिवशी स्वच्छ राहिले होते, त्याची किंमत ३४,६०० रुपये आणि एक गिऱ्हाईक एवढी पडली.

तो मिठाईवाला आता परत माझ्याकडून बॉक्स घेतो. गेल्या गणपतीत माल दोन दिवस आधी पोहोचवला. छोटा हत्ती बारा वर्षांचा झालाय, स्टिकरचा रंग पार उडालाय. पण खालून ठोकलं तर अजून टण वाजतो.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत धंदा जपा आणि गाडीही.